भातखाचरांतील भुताटकी: गुहागरजवळच्या एका कृषी पर्यटन केंद्रातील रात्रीची फेरी

गुहागरच्या दक्षिणेला, पालशेत ओलांडून वेळणेश्वरकडे जाताना डाव्या हाताला सड्याचा (कातळपठाराचा) उतार आणि उजव्या हाताला समुद्र अशी जी गावे लागतात, त्यांपैकी एका गावातील कृषी पर्यटन केंद्राने कोजागिरीनंतरच्या कृष्णपक्षात रात्रीची एक भयफेरी सुरू केली आहे. भातखाचरे, पोफळीचे आगर, वापरात नसलेला मांगर आणि जुनी विहीर अशा साधारण एक किलोमीटरच्या वाटेवरून आठ-आठ जणांच्या गटाला कंदिलाच्या उजेडात नेले जाते आणि वाटेत गावातीलच तरुण-तरुणी निरनिराळी सोंगे घेऊन गटाला घाबरवतात. फेरीला पाऊण तास लागतो. शुल्क माणशी ४५० रुपये असून रात्रीच्या जेवणासह ६५० रुपये घेतले जातात. मुंबई-पुण्याच्या मॉलमधील वातानुकूलित भूतघरांत पंधरा मिनिटांसाठी जे मोजावे लागते, त्याच्याशी तुलना केल्यास हा दर वाजवी आहे. फेरीचा पहिला अर्धा भाग इतका चांगला जमला आहे की त्यासाठी चिपळूणहून वाकडी वाट करून यावे. दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी मात्र असे म्हणता येत नाही, आणि त्याची कारणे नीट सांगणे आवश्यक वाटते.

गाड्या वर सड्यावरच थांबवाव्या लागतात आणि तेथून जांभ्या दगडाच्या पाखाडीने खाली उतरावे लागते. पायऱ्या उंच आणि असमान आहेत, परतीच्या पावसाने त्यांवर शेवाळ धरलेले असते आणि उजेड जाणूनबुजून कमी ठेवलेला आहे. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांनी येथूनच परत फिरावे हे बरे. खाली घराच्या पडवीत नोंदणी होते, गमबूट दिले जातात आणि मालकांचे ज्येष्ठ बंधू नियम समजावून सांगतात. कोणीही सोंग तुम्हाला हात लावणार नाही, तुम्हीही लावू नये. कोणाला फारच असह्य झाले तर कंदील धरलेल्या वाटाड्याला ‘पुरे’ एवढेच म्हणावे, तो जवळच्या बेड्यातून (कुंपणाच्या फाटकातून) थेट घराच्या अंगणात आणून सोडतो. बारा वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना प्रवेश नाही. हे सारे सांगताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला विशेष आवडली. गावकीशी बोलून केंद्राने ठरवले आहे की फेरीची वाट देवराईच्या आणि स्मशानाच्या बाजूने जाणार नाही, आणि राखणदाराचे किंवा ग्रामदेवतेशी संबंधित कसलेही सोंग घेतले जाणार नाही. कोकणात भुते आणि देवस्थाने यांच्यामधली सीमा नेहमीच स्पष्ट नसते. वेताळाची तर अनेक गावांत रीतसर पूजा होते. त्यामुळे हा विवेक केवळ सभ्यतेचा नव्हे, गावात टिकून राहण्याच्या शहाणपणाचाही आहे.

फेरीची सुरुवात खाचरांतून होते. लवकर तयार होणारे हळवे भात कापून झालेले असते, उशिराचे गरवे अजून उभे असते, आणि कापलेल्या खाचरांत भाताच्या भाऱ्यांच्या उडव्या रचलेल्या असतात. बांधावरून एकामागोमाग एक चालताना प्रथम काहीच घडत नाही. वाटाडा बोलत नाही, समुद्राची गाज दुरून ऐकू येते, आणि पायाखालची ओली माती बुटाला धरते. मग लक्षात येते की कापलेल्या खाचरांत बुजगावणी उभी आहेत: काठीवर घातलेला जुना सदरा, डोक्याच्या जागी मडके, कोणाच्या खांद्यावर इरले. पीक कापून झालेल्या शेतात बुजगावण्याचे काय काम, हा प्रश्न शेतीची थोडीफार माहिती असलेल्याला लगेच पडतो आणि तेथूनच अस्वस्थता सुरू होते. आम्ही बांधाच्या टोकाला पोहोचून मागे वळून पाहिले तेव्हा त्यांतील काही पूर्वी होती त्यापेक्षा बांधाच्या जवळ आलेली होती. कोणी ओरडले नाही, कोणी धावून आले नाही. वाटाड्याने कंदील किंचित खाली केला आणि चला म्हणाला, इतकेच.

या प्रसंगाचे कौतुक करण्याचे कारण त्यामागच्या विचारात आहे. शरद ऋतूत शेतावर भयफेरी भरवण्याची कल्पना मूळची अमेरिकेतील; तेथे ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनच्या आधीचे काही आठवडे अनेक शेतकरी मक्याच्या उभ्या पिकात वळणावळणाच्या वाटा कापून चक्रव्यूह करतात, गवताच्या गाडीतून फिरवतात आणि भोपळे विकतात. पेनसिल्व्हेनियातील ॲनव्हिल येथे १९९३ साली झालेला मक्याचा चक्रव्यूह हा या आधुनिक प्रकाराचा आरंभ मानला जातो. कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्म, जे खरोखरच बेरीवर्गीय फळांच्या शेतातून वाढत गेलेले मनोरंजन उद्यान आहे, तेथे हॅलोवीनचा भयोत्सव १९७३ पासून चालू आहे. परंतु मका पुरुषभर उंचीच्या वर जातो आणि त्याच्या आड माणूस लपू शकतो. भाताच्या आड ससादेखील धड लपत नाही. येथल्या मंडळींनी या उणिवेवर मात करण्यासाठी कापडी भिंती उभारल्या असत्या तर फेरीची शोभा गेली असती. त्याऐवजी त्यांनी उघड्या शेताचाच उपयोग केला आहे. समोरचे सारे दिसत असते, आडोसा कोठेच नसतो, आणि तरीही जे दिसते त्यावर विश्वास ठेवता येत नाही.

खाचरे संपली की गडग्याच्या (रचीव दगडी कुंपणाच्या) कडेने आगरात शिरतात. येथे वाट पोफळींच्या सरळ रांगांमधून जाते आणि पाटाचे पाणी सतत एका बाजूला वाहताना ऐकू येते. आगराच्या तोंडाशी सातविणीचे, म्हणजे सप्तपर्णीचे, मोठे झाड आहे. ऑक्टोबर हा तिच्या फुलण्याचा काळ असल्यामुळे तिचा तो जड, डोक्यात जाणारा वास रात्री वीस-पंचवीस पावले आधीपासून येऊ लागतो. सातविणीखाली रात्री थांबू नये असे जुनी माणसे सांगत. केंद्राने त्या झाडाखाली एकही सोंग ठेवलेले नाही, फक्त एक रिकामी खुर्ची ठेवली आहे, आणि ती पुरते.

आगरातला खेळ चकव्याचा आहे. चकवा लागलेला माणूस रात्रभर एकाच जागेभोवती फिरत राहतो आणि उजाडल्यावर त्याला कळते की आपण घरापासून हाकेच्या अंतरावर होतो, ही समजूत कोकणात जन्मलेल्या कोणालाही सांगावी लागत नाही. वाटेत एका माडाला टांगलेला कंदील लागतो, त्याखाली उलटे ठेवलेले घमेले आणि त्यावर एक कोयता. थोडे चालल्यावर तोच माड, तोच कंदील, तेच घमेले पुन्हा लागते. फक्त कोयता नसतो. तिसऱ्यांदा घमेले सरळ असते. अर्थात ही तीन निरनिराळी ठिकाणे आहेत हे बुद्धीला कळते, कारण पाटाचे पाणी सतत उजव्याच हाताला राहिलेले असते. पण पोफळींच्या एकसारख्या रांगांत दिशेचे भान इतके लवकर सुटते की आमच्या गटातील एका गृहस्थांनी, जे व्यवसायाने भूमापक असल्याचे त्यांनी जेवताना सांगितले, वाटाड्याला गंभीरपणे विचारले की आपण परत फिरलो काय. वाटाडा म्हणाला, “मी तर तुमच्याच मागून चाललोय.” तो खरोखरच मागे होता, आणि कंदील गटातील सर्वांत पुढच्या मुलीच्या हातात होता. तो तिच्या हाती केव्हा गेला हे आमच्यापैकी कोणीच पाहिले नव्हते.

मांगरातील प्रसंग हा या फेरीचा कळस आहे. मांगर म्हणजे चिऱ्यांच्या भिंतींची आणि नळ्यांच्या छपराची जुनी इमारत. आत एक पणती, आणि पाठ करून विळीवर बसलेली एक बाई नारळ खवते आहे. जमिनीवर केळीची पाने मांडलेली, प्रत्येकावर वाफाळता भात आणि कडेला मीठ. ती वळत नाही. खवण्याचा आवाज एका लयीत चालू राहतो आणि ती अगदी घरगुती, थोड्या कंटाळलेल्या स्वरात म्हणते, “बसा, पानं वाढलीत.” त्यानंतर ती काही बोलत नाही. आपण उभे राहतो, पाहतो, आणि गटातील कोणीतरी पाने मोजते. आम्ही आठ जण होतो आणि पाने नऊ होती. वाटाडा धरून नऊ होतात हे सुचायला आम्हाला बराच वेळ लागला. तोवर वाटाड्याने मी रात्रीचा जेवत नाही असे सांगून आम्हाला बाहेर काढले होते. त्या बाईचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. हडळ म्हणून केस मोकळे सोडून, पांढरे पातळ नेसवून, उलटी पावले लावून जे काही करता आले असते, त्यांतले काहीही न करता केवळ पाठ, आवाज आणि विळी एवढ्यावर हा प्रसंग उभा आहे, आणि ज्या कोणी तो रचला त्यांना भयाचे मर्म कळले आहे असे निःसंकोच म्हणावे लागेल.

कामे करणारी बहुतेक मुले गावच्या नमनात, म्हणजे कोकणातील लोकनाट्यात, उतरणारी आहेत, आणि ते जाणवते. रात्रभर मोकळ्या अंगणात, ध्वनिवर्धकाशिवाय आवाज पोहोचवण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना कुजबुजही दूरपर्यंत कशी नेता येते हे ठाऊक असते. मांगराच्या पुढे पाणंदीत (कुंपणांमधल्या अरुंद वाटेत) संकासूर भेटतो. काळा झगा, उंच टोकदार टोपी, पांढरी लांब दाढी आणि कमरेला घुंगरू असे हे रूप शिमग्यात या भागातील प्रत्येक मुलाने भीत भीत पाहिलेले असते. दिवसा, ढोलाच्या गजरात आणि गर्दीत पाहिलेला संकासूर निराळा, आणि अंधाऱ्या पाणंदीत, आधी नुसती घुंगरे ऐकू येऊन मग दिसलेला संकासूर निराळा. येथे मुंबईची पाहुणी मंडळी कमी घाबरतात आणि स्थानिक अधिक, असे वाटाड्याने नंतर सांगितले. ते पटण्यासारखे आहे.

येथपर्यंत फेरी उत्तम आहे. पाणंद संपते तेथून तिचा दर्जा घसरतो.

विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत प्लास्टिकचे सांगाडे टांगले आहेत, लाल-हिरवे दिवे फिरत आहेत, झुडपात लपवलेल्या ध्वनिक्षेपकांतून चित्रपटातल्यासारखे कर्कश संगीत वाजते आहे आणि रबरी मुखवटा घातलेला एक तरुण साखळीची करवत घरघरवत अंगावर धावून येतो. करवतीची साखळी काढलेली असते, त्यामुळे धोका काही नाही. पण भीतीही काही नाही. जनित्राचा आवाज आणि धूर यांमुळे समुद्राची गाज बंद पडते, सातविणीचा वास हरवतो आणि आपण कोणत्याही जत्रेतील तंबूत असल्यासारखे वाटू लागते. गटातील महाविद्यालयीन मुलांनी येथे भ्रमणध्वनी बाहेर काढून चित्रणे करण्यास सुरुवात केली आणि पुढची सारी वाट त्या उजेडात झाली. आगरात कोणाच्या हाताला खिशाकडे जाण्याची इच्छा झाली नव्हती, एवढे एक निरीक्षण व्यवस्थापनाने विचारात घेतले तरी पुरे. खरे तर फोन पडवीतच जमा करून घ्यावेत.

लाल भोपळे कोरून त्यांत दिवे लावण्याची हौसही येथे भागवून घेतली आहे. आयर्लंडमध्ये ही प्रथा सलगमासारख्या कंदांवर चालत असे आणि तेथील स्थलांतरितांबरोबर अमेरिकेत गेल्यावर ती भोपळ्यावर स्थिरावली. कोकणात ती आणखी एक पाऊल पुढे गेली म्हणून बिघडत नाही. शिवाय कोरून काढलेल्या गराचे घारगे करून ते जेवणात वाढतात, हा उपयोग अमेरिकेतही कोणाला सुचला नसावा.

याहून गंभीर आक्षेप शेवटच्या प्रसंगाबद्दल आहे. अंगणाच्या अलीकडे एका खोपीत मांत्रिक बसवला आहे. समोर दोराने बांधलेली स्त्री घुमते आहे, तो तिला वेताच्या छडीने मारल्याचे आणि मिरच्यांची धुरी दिल्याचे नाट्य करतो, आणि प्रेक्षकांनी तिच्या किंकाळ्यांना घाबरावे अशी अपेक्षा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीतील पहिलीच बाब भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला बांधून मारहाण करणे, छडीने वा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे ही आहे. नाटकात असे दृश्य दाखवणे गुन्हा नाही, हे मान्य. पण ज्या गोष्टीत स्त्रिया प्रत्यक्ष भरडल्या गेल्या आहेत, ती बुजगावण्यांच्या आणि चकव्याच्या रांगेत करमणूक म्हणून बसवणे चुकीचे आहे. कारण तेथे भीती वाटते ती भुताची नसते, मांत्रिकाची असते, आणि हा भेद त्या प्रसंगात कोठेही दाखवलेला नाही. प्रवेशाजवळ ‘येथील सर्व पात्रे अभिनयाची आहेत, केंद्र कोणत्याही अंधश्रद्धेचे समर्थन करत नाही’ असा फलक लावला आहे. तो असताना हा प्रसंग ठेवणे अधिकच विसंगत वाटते. आम्ही हे मालकांच्या कानी घातले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि पुढच्या हंगामापूर्वी विचार करू असे सांगितले.

सुरक्षेच्या बाबतीत केंद्र बऱ्याच अंशी जागरूक आहे. पहिला गट निघण्यापूर्वी दोन गडी काठ्या आपटत सगळी वाट फिरून येतात आणि गडग्यांच्या फटींवर अतिनील विजेरी मारून पाहतात, कारण त्या प्रकाशात विंचू हिरवट चमकतो. आमच्यासमोरच गडग्याच्या खालच्या दगडाशी एक विंचू असा उजळून निघाला, आणि त्या रात्रीतला पहिला खरा शहारा तोच होता. रत्नागिरी जिल्ह्याच्या कातळावर फुरसे हा विषारी साप आहे, भातकापणीच्या दिवसांत खाचरांत साप निघतात, आणि लाल विंचवाचा दंश हृदयावर परिणाम करतो, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाच्या लक्षणांविषयी १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले आणि पुढे प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला, तो या किनारपट्टीच्या अनुभवातूनच. त्यामुळे गमबूट नको म्हणणाऱ्या हौशी पाहुण्यांना केंद्राने प्रवेश नाकारावा, केवळ विनंती करू नये. आमच्या पुढच्या गटातील दोघे सपाता घालून गेले.

आगीच्या बाबतीत मात्र ढिलाई आहे. पाणंदीच्या तोंडाशी झावळ्यांची पेटती चूड धरून एक मुलगा उभा असतो आणि त्याच्यापासून काही हातांवर पेंढ्याची उडवी आहे. ११ मे १९८४ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सीच्या एका मनोरंजन उद्यानातील भूतमहालाला आग लागून आठ किशोरवयीन मुले गेली, आणि त्यानंतर तेथे अशा ठिकाणांसाठी अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले. उघड्यावरची फेरी बंदिस्त महालापेक्षा कितीतरी सुरक्षित असते, कारण पळायला चारही दिशा मोकळ्या असतात. पण ऑक्टोबरच्या उन्हात वाळलेला पेंढा पेटायला ठिणगी पुरते. चूड हवीच असेल तर ती पाटाच्या कडेला आणावी, आणि शेजारी पाण्याचे पिंप ठेवावे.

जेवण साधे आणि चांगले आहे. तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले, काळ्या वाटाण्याची उसळ, भात, सोलकढी आणि वर उल्लेख केलेले घारगे. पंगत पडवीत बसते, वाढणाऱ्यांत मघाचा संकासूर टोपी काढून आमटी फिरवत असतो, आणि मांगरातील बाई कोण हे विचारल्यावर कोणीही सांगत नाही. स्वच्छतागृहे दोनच असून ती घरामागे आहेत. शनिवारी तेथे रांग लागते.

जायचे असल्यास तिथी पाहून जावे. कोजागिरीनंतरच्या पहिल्या तीन-चार दिवसांत चंद्र लवकर वर येतो आणि चांदण्यात बुजगावण्यांचा खेळ उघडा पडतो. कृष्ण अष्टमीनंतर चंद्रोदय मध्यरात्रीच्या सुमारास होतो, तेव्हा अष्टमी ते धनत्रयोदशी हा काळ सर्वांत योग्य. नरक चतुर्दशीपासून फेरी बंद होते. परतीचा पाऊस लांबल्यास ती रद्द केली जाते आणि पैसे परत मिळतात किंवा तारीख बदलून मिळते. नोंदणी दूरध्वनीवरून होते, शनिवार-रविवार आठवडाभर आधी भरतात, आणि साडेसातचा पहिला गट मिळवण्याचा प्रयत्न करावा, कारण उशिराच्या गटांना पुढच्यांच्या किंकाळ्या ऐकू येऊन कोठे काय आहे याचा अंदाज येतो. दापोलीकडून दाभोळ-धोपावे फेरीबोटीने येणाऱ्यांनी परतीची शेवटची बोट मिळेल या भरवशावर राहू नये. केंद्रातच चार खोल्या आहेत, त्यांपैकी मांगराकडे खिडकी नसलेली मागून घ्यावी.